एका नळीवरच्या दोन उशा

त्या वर्षी आमच्या घरात ‘बसा’ हा शब्द कुणी उच्चारला की आबा दुखावले जात.

आबा म्हणजे माझे सासरे. सर्वणच्या आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पाटाच्या काठाला शेवाळ आलं होतं. त्यावरून त्यांचा पाय सरकला, आणि शरीराच्या ज्या भागावर ते आपटले त्याचं नाव त्यांनी अखेरपर्यंत घेतलं नाही. डिचोलीच्या डॉक्टरांनी सरळ ‘माकडहाड’ म्हटलं, तेव्हा आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते हाड विज्ञान शाखेनंच परस्पर त्यांच्या अंगात बसवलं असावं. मी उच्च माध्यमिक शाळेत पदार्थविज्ञान शिकवते. घरात शास्त्राकडून जे काही अप्रिय येतं, त्याची जबाबदारी माझी असते.

गावात सांगताना आबा ‘कमर’ म्हणत. त्यामुळे गावातून येणारे सगळे उपाय कमरेचे येत, आणि बरोबर चार बोटं वर लागू पडत.

तसं त्यांचं ठीक चाललं होतं. ते चालत. कुशीवर निजत. जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, कट्ट्यावर पेजेचा वाडगा ठेवून उभ्यानं जेवत. पेपरही उभ्यानंच वाचत, त्यामुळे रोज सकाळी कुणीतरी सोप्यावर भाषण करतंय असं वाटे. बसणं तेवढं जमत नव्हतं. आणि माणसाला बसल्यावाचून राहता येतं, असं त्यांचं त्यांना पटतही आलं होतं. पण संवसार पाडवा, म्हणजे आमचा गुढीपाडवा, जवळ आला.

पाडव्याच्या दुपारी आमच्या वाड्यावरच्या देवळात बसणूक असते. गावची दोन घरं मूळची मानली जातात, एक आमचं आणि एक बाबुरावकाकांचं. या दोन घरांच्या वडीलधाऱ्यांनी चौकातल्या खांबाच्या दोन बाजूंना जमिनीवर जमखान टाकून बसायचं, भटजींनी पंचांग वाचायचं, गावाच्या चार कामांचा निर्णय व्हायचा आणि शेवटी दोघांच्या हातांत एकाच वेळी विडा द्यायचा. एवढंच. पण ज्या घरचा माणूस बसला नाही त्याचा विडा पलीकडच्या घराकडे जातो, आणि एकदा गेलेला विडा परत आल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. मुलानं बसायला हरकत नसते. मात्र बाप हिंडताफिरता असताना मुलगा बसला, तर लोक बापाबद्दल हळू आवाजात बोलू लागतात. शिरगावच्या खाणीच्या ऑफिसातून घरी आलेल्या माझ्या नवऱ्यानं एकदा ‘मी बसू का?’ असं विचारलं. त्या दिवशी आबा उभ्यानंसुद्धा जेवले नाहीत.

विडा दुसऱ्या कुणाकडे गेला असता तर आबांनी कदाचित सोसलंही असतं. पण तो बाबुरावकाकांकडे जाणार होता. हे दोघे चुलतभाऊ. एकत्र वाढलेले, एकाच पाटात पोहलेले. राजभाषेच्या वादात आबा मराठीच्या बाजूला गेले आणि बाबुरावकाका कोकणीच्या. वाड्यावरच्या एका सभेत शब्दाला शब्द लागला आणि तेव्हापासून बोलणं बंद. त्या सभेला मी होते. आबांनी मराठीची बाजू अस्खलित कोकणीत मांडली होती, आणि बाबुरावकाकांनी कोकणीची बाजू मांडताना अभंगांचे दाखले दिले होते. कायदा झाला, पाठोपाठ गोवा घटक राज्यही झालं. हे दोघे मात्र जिथल्या तिथे राहिले.

‘सिंधू,’ आबा एका संध्याकाळी जनेलापाशी उभे राहून बाहेर बघत म्हणाले, ‘तूं शिकिल्ली बायल. म्हाका एक दुपार बसय.’

माझ्या लग्नानंतर त्यांनी माझ्याकडे प्रथमच काही मागितलं होतं, एक दुपार बसतं करायला. मी ‘हो’ म्हटलं. पुढचं सगळं त्या एका अक्षरातून निघालं.

शेजारच्या जानकीकाकीनं कुंपणावरून हे ऐकलं होतं. तिला ऐकू कमी येतं, पण आमच्या घरातलं नाही.

‘टीचर गो, भाताच्या कोंड्याची पोती कर. हांवें म्हज्या मांवाक करून दिल्ली.’

‘मग बरे झाले का तुमचे सासरे?’

‘ना गे, ते गेले,’ काकी म्हणाली. ‘पूण पोत्यार बसून गेले.’

कोंडा झाला. सावरीच्या कापसाची गादी झाली. म्हापशाहून औषधाच्या दुकानातली तांबडी रबरी रिंग आणून झाली. ती आबांनी एकदाच पाहिली आणि ‘हें हॉस्पिटलांत आडव्या मनशाच्या सकयल घालतात तें,’ असं म्हणून मांयकडे दिली. मांय म्हणजे सासूबाई. तिनं त्या रिंगेवर पाण्याची कळशी ठेवायला सुरुवात केली. कळशीला आराम पडला.

रिंगेमागचा विचार मात्र योग्य होता. कठीण जमीन माणसाचं सगळं वजन दोन-तीन हाडांवर घेते. हवा ते वजन जितकी जागा मिळेल तितक्या जागेवर पसरते. मधे भोक असेल तर दुखरी जागा अधांतरी राहते. हे मी अकरावीला दर वर्षी फळ्यावर काढते. फळ्यावर बसणारा माणूस चौकोनी असतो आणि तक्रार करत नाही.

आमच्याकडे खनिजाचे ट्रक रात्रंदिवस धावत असल्यामुळे जुन्या ट्यूबांना तोटा नाही. डिचोलीच्या वेशीवर परशुरामचं पंक्चर काढायचं दुकान आहे. हा गडहिंग्लजकडचा. मी जीपची ट्यूब मागितली, तशी त्यानं माझ्या मागे जीप शोधली.

‘बाई, टायर कुठाय?’

‘टायर नाही. नुसती ट्यूब हवी. तिच्यावर माणूस बसायचा आहे.’

‘नदीत?’

‘देवळात.’

परशुरामनं ट्यूबेला हवा मारली आणि ती टण्णकन वाजवून दाखवली. ‘बिनघोर ऱ्हावा. धा टन घातला तरी ढिम्म हलायची न्हाई.’

‘दहा टन बसणार नाहीत. बसणार आहेत ते एकावन्न किलो.’

‘मग येवढा खटाटोप कशापायी वो?’ त्याला खरंच वाईट वाटलं. आपल्या कामाचा उपयोग इतक्या हलक्या वाहनासाठी व्हावा, हे त्याला रुचलं नसावं.

ती टणक ट्यूब मी घरी नेली. आबा तिच्यावर टेकले, डावीकडे कलले, ट्यूब उजवीकडे निघाली आणि सोप्यावरून उतरून थेट तुळशीपर्यंत गेली. आबा माझ्या हातांत होते. त्यांनी डोळे मिटून ‘मागीर पळोवया’, नंतर बघू, एवढंच म्हटलं. मी हवा कमी केली, तर ते ट्यूबेच्या भोकात खोल गेले आणि गुडघे छातीशी आले. मग मी ट्यूब कापून, परशुरामकडून तिचे तीन कप्पे चिकटवून घेतले, मागचा कप्पा जाड, पुढचा पातळ. त्याच्या दुकानात ट्रकवाल्यांच्या रांगेत हातात रबराचा एक अवयव घेऊन मी उभी राहत असे. एका ड्रायव्हरनं आदरानं विचारलं, ‘बाई, हा कुठल्या गाडीचा पार्ट?’ मी ‘जुनं मॉडेल आहे’ म्हटलं.

अखेर उशी जमली. मांयनं जुन्या पडद्याचा अभ्रा शिवला. रबराचा वास जावा म्हणून तिच्यावर आंब्याची पानं चोळली, त्यामुळे ती पंक्चर काढलेल्या आंब्यासारखी वास मारू लागली. त्याच धडाक्यात उरलेल्या ट्यूबेची मी एक लांबट उशी केली आणि सोप्यावरच्या वोल्तेरच्या, म्हणजे लांब हातांच्या आरामखुर्चीच्या, पाठीला बांधली. आबा त्या दोन उशांवर अर्धवट रेलून बसले, अंग सैल सोडलं, आणि इतक्या दिवसांत प्रथमच बसून चहा प्यायले. उंडो चहात बुडवून खाल्ला. बसून बुडवलेला पाव उभ्यानं बुडवलेल्यापेक्षा चांगला लागतो, असं त्यांनी मला सांगितलं. तो पुरस्कार मी नम्रपणे स्वीकारला.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण जानकीकाकीनं कुंपणावरून ते पाहिलं, आणि पाव संपायच्या आत बातमी बाबुरावकाकांच्या अंगणात पोचली.

दुसऱ्या दिवशी देवळाचे चिटणीस बाबाजी आले. बाबाजी कुणाचीच बाजू घेत नाहीत. त्यामुळे दोन्ही बाजूंची माणसं त्यांना घालून पाडून बोलतात.

‘विठूभाऊ, बाबुरावाची हरकत आसा,’ ते उंबऱ्यावरच थांबून आबांना म्हणाले. ‘तूं म्हणे चार बोटां वयर बसतलो.’

‘म्हज्या बसपाचेर ताचें कितें?’

‘बसपाचेर ना. चार बोटांचेर आसा. म्हणता, आयज उशी, फाल्यां कदेल. मागीर हांव सकयल बसून विठूच्या पायां कडेन पळोवं?’

आज उशी, उद्या खुर्ची, हे मला सुचलंच नव्हतं. दाब, क्षेत्रफळ, भोकाचा व्यास या सगळ्याचा मी विचार केला होता. आमच्याकडे कोण कुणापेक्षा किती उंच बसतो यावर एकेकाळी माणसं देऊळ बदलून गेली आहेत, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

भटजींनी देवीला कौल लावावा, असं कुणीतरी सुचवलं. भटजींनी साफ नकार दिला. ‘देवीक आमी पावस विचारतां, सोयरिकी विचारतां. वारो कितलो भरचो तें विचारूं? तिका दुसरीं कामां आसात.’

मग प्रकरण मामलेदार कचेरीत गेलं, कारण देवस्थानांवर देखरेख मामलेदारांची. अर्ज कोणत्या भाषेत लिहायचा यावर कचेरीच्या पायरीवरच अडलं. मी बाबाजींबरोबर गेले होते. आबांना मराठीच हवी होती, बाबुरावकाकांना कोकणीच. शेवटी अर्ज इंग्रजीत लिहिला. ती कुणाचीच नसल्यामुळे कुणाची हरकत आली नाही.

मी अर्जात ‘न्यूमॅटिक कुशन’ असं लिहिलं. ही माझी हौस. कारकुनानं तो शब्द वाचला आणि चष्मा काढला.

‘न्यूमॅटिक म्हणजे खाणीतलं ड्रिल ना? त्याला खाण सुरक्षेचा दाखला लागतो.’

‘ही उशी आहे. हवेची.’

‘हवा दाबून भरलेली आहे?’

‘थोडी.’

‘थोडी म्हटली तरी दाबलेलीच.’ त्यानं अर्ज उलटा करून पाहिला. ‘बरं, उशी हे फर्निचर धरायचं की अंथरूण? फर्निचर असेल तर देवळाच्या जुन्या नियमावलीत बघावं लागेल. अंथरूण असेल तर आमच्याकडे विषयच नाही.’

‘मग अंथरूण धरा.’

‘देवळात अंथरूण?’ कारकून दुखावल्यासारखा म्हणाला.

जुनी नियमावली निघाली. ती पोर्तुगीजमध्ये होती. कचेरीत ती वाचू शकणारा माणूस निवृत्त झाला होता. बाबाजींना येत नव्हती, भटजींना येत नव्हती, मला तर नाहीच. सर्वणात पोर्तुगीज शिकलेला एकच गृहस्थ उरला होता, बाबुरावकाका.

मी ती नियमावली घेऊन त्यांच्या घरी गेले, तेव्हा हरले असं समजूनच गेले. बाबुरावकाका दारातल्या खांबाला टेकून उभे होते. त्यांनी मला ‘बस’ म्हटलं, स्वतः उभेच राहिले, आणि उभ्यानंच पानं उलटून बराच वेळ वाचत राहिले.

‘कदेल नाका म्हणून आसा,’ ते म्हणाले. ‘बांक नाका. पाट नाका. उशीचेर कितेंच ना.’ पुढची ओळ त्यांनी दोनदा वाचली. त्यांना हवं ते सांगता आलं असतं, मला काही कळणार नव्हतं. ‘दोगांनी एकाच उंचायेर बसचें, इतलेंच आसा. तर मागीर म्हाकाय तसलीच एक उशी जाय.’

ही मागणी त्यांनी इतक्या घाईनं केली की मला आश्चर्य वाटलं. शांताकाकी, त्यांची बायको, मला पोचवायला फाटकापर्यंत आली आणि इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, ‘बरी मऊ कर गो. पावसापसून उबोच जेवता तो.’

बाबुरावकाकांचं दुखणं वेगळं होतं, जागा तीच होती. दोन्ही घरांतली वडीलधारी माणसं खांबाला टेकून उभी होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की पलीकडचा आरामात बसला आहे. शांताकाकीनं मला शपथ घातली, आणि मी ती पाळली. आबांनाही सांगितलं नाही.

मी दुसरी उशी पहिलीबरहुकूम केली. आता प्रश्न हवेचा होता.

‘वारो कोण भरतलो?’ बाबुरावकाकांनी बाबाजींकरवी विचारलं. ‘टीचर? ती विठूगेली सून.’

आबांनी उलट निरोप पाठवला की बाबुरावानं स्वतः भरू नये, त्याच्या छातीत नको तितकी हवा आहे. परशुरामला बोलवावं, तर तो पस्तीस पौंडांखाली उतरायला तयार नव्हता. तेव्हा मला तो विचार सुचला. तो सुचला त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो मी आजही नाकारणार नाही.

दोन्ही उशा एका नळीनं जोडायच्या. नळी उघडी असली की हवा इकडून तिकडे हवी तशी जाणार, आणि दोन्हीकडे दाब आपोआप सारखा होणार. त्यात सुनेचा हात नाही, पंपाचा पक्षपात नाही, निसर्गाचा नियम आहे. मी शाळेच्या प्रयोगशाळेतून रबरी नळी आणली, देवळाच्या चौकात दहा-बारा माणसांसमोर हे समजावून सांगितलं, आणि शेवटी म्हटलं, ‘या दोन उशांत उणंअधिक होऊच शकत नाही.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. भटजी म्हणाले, ‘शास्त्र तें शास्त्र.’ दोन्ही घरांना एकाच वेळी मान्य झालेली ही त्या वर्षातली पहिली गोष्ट.

चाचणी घेतल्याशिवाय मी काही करत नाही. घरी मी मांयला एका उशीवर आणि जानकीकाकीला दुसरीवर बसवलं. दोघी डुलल्या, हसल्या, आणि एका उंचीवर स्थिरावल्या. मी पट्टी लावून पाहिलं. दोघींचं वजन जवळजवळ सारखं आहे, ही गोष्ट मला माहीत होती. तिचा या प्रयोगाशी काही संबंध असेल, असं मला वाटलं नाही.

पाडव्याला कडक ऊन होतं. चौकात जमखान घातला होता, खांबाच्या दोन बाजूंना दोन उशा आणि खांबामागून गेलेली नळी. वाड्यावरची यच्चयावत माणसं आली होती. इतक्या वर्षांत पंचांग ऐकायला एवढी गर्दी झाली नव्हती. आबांनी धुतलेलं धोतर आणि काळा कोट घातला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. दोघे आपापल्या उशीवर एकदमच टेकले.

आबा अंगानं सुपारीच्या झाडासारखे. बाबुरावकाका तसे नाहीत. त्यांचं वजन किमान सत्तरच्या घरात.

आधी एक लांब सुस्कारा ऐकू आला. तो नळीतून आला की बाबुरावकाकांकडून, हे सांगता येणार नाही. मग आबा वर जाऊ लागले. सावकाश, डौलानं, भरतीला होडी उचलली जावी तसे. आणि पलीकडे तितक्याच सावकाश बाबुरावकाका उतरू लागले. दाब दोन्हीकडे अगदी सारखा होता. मी म्हटलं होतं ते अक्षरशः खरं होतं. सारख्या दाबावर जड माणसाला तोलायला जास्त जागा लागते, म्हणून तो उशीत खोल जातो, हलका वर राहतो. एवढंच मी म्हटलं नव्हतं.

‘शास्त्र तें शास्त्र,’ मागून कुणीतरी म्हणालं.

‘टीचर गो!’ जानकीकाकी मोठ्यानं म्हणाली. ‘तुजो मांव सर्गार चल्लो!’

माझी काय अवस्था झाली ते सांगत नाही. चौकात माझ्या दोन विद्यार्थिनी होत्या, आणि त्या अतिशय सभ्यपणे छताकडे पाहत होत्या.

बाबुरावकाकांचा चेहरा लाल झाला होता. बोलायचं कुणाशी, हाच प्रश्न होता. आबांना पाहून मला वाटलं होतं, ते खूश होतील. पण आबा अस्वस्थ झाले. असा मान त्यांना नको होता. नियमावलीत सारखी उंची लिहिली होती आणि ती बाबुरावानं खरी वाचून दाखवली होती, हे त्यांना ठाऊक होतं. ‘हें बरोबर न्हय,’ ते पुटपुटले आणि उठायला लागले.

ते जेमतेम वीतभर उचलले गेले असतील. बाबुरावकाकांच्या उशीत उरलेली सगळी हवा नळीतून आबांच्या मोकळ्या उशीत धावली, आणि बाबुरावकाका दगडी फरशीला टेकले.

‘विठू! बस रे! बस!’

राजभाषेच्या वादानंतर बाबुरावकाकांचे आबांशी हे पहिलेच शब्द. आबा अर्धवट उठलेले तसेच थांबले. मग पटकन खाली बसले. पलीकडे बाबुरावकाका पुन्हा फरशीपासून सुटले आणि त्यांनी डोळे मिटून श्वास सोडला. आबांनी तो चेहरा पाहिला. तो चेहरा ते रोज सकाळी स्वतःच्या आरशात पाहत होते.

‘तुकाय?’ आबांनी हळूच विचारलं.

‘पावसापसून,’ बाबुरावकाका म्हणाले.

‘मागीर सांगूंक कितें जालें?’

‘कोणाक सांगूं? तूं उलयतालो?’

बोलणं बंद ठेवण्यात आबांचाही वाटा होता. दोघे तसेच बसले होते. एक वर, एक खाली. कुणी हललं की दुसरा हले.

‘उंचाय कशी करची?’ शेवटी बाबाजींनी विचारलं, आणि सगळे माझ्याकडे वळले.

‘आबांचं वजन वाढवावं लागेल,’ मी म्हटलं.

देवळात पाडव्याला वजनाची कमतरता नसते. नैवेद्याचा केळ्यांचा घड होता. भटजी म्हणाले, आधी देवीला दाखवल्याशिवाय मांडीवर नको. तो देवीला दाखवून आणला आणि आबांच्या मांडीवर ठेवला. आबा खाली आले, बाबुरावकाका वर चढले. मग नारळ. एकेक नारळ भटजी वाकून आबांच्या मांडीवर ठेवत होते आणि खांबाच्या पलीकडून बाबाजी उंची पाहत होते.

‘आनीक एक.’

‘ओटी भरली गो विठूभाऊची!’ जानकीकाकी म्हणाली. शांताकाकीनं तोंडाला पदर लावला. मांय मात्र उघड हसत होती.

‘चड जालो,’ बाबुरावकाका म्हणाले. ‘एक काड. हांव वयर गेलों.’

‘रावूं दी रे,’ आबा म्हणाले. ‘इतलो वेळ हांव आशिल्लों.’

‘ना. बरोबर जाय.’

एक नारळ काढला. दोघांचे खांदे एका रेषेत आले. खांबावर एक दगडी वेल कोरलेला आहे, त्याच्या एकाच पानाच्या पातळीला दोघांचे कान आले होते. भटजींनी पंचांग वाचलं, पाऊस बरा सांगितला. गावाच्या कामांचे निर्णय झाले. ते कधी नव्हे इतके लवकर झाले, कारण रागानं हलायची सोय नव्हती. दोघांच्या हातांत एकाच वेळी विडा पडला. आमच्या घरचा विडा आमच्या घरी राहिला.

मग उठायची वेळ आली. रीतीप्रमाणे वयानं मोठा आधी उठतो. बाबुरावकाका थोडे मोठे. ते उठले असते तर आबा केळ्यानारळांसकट फरशीवर आले असते. हे मला समजावून सांगावं लागलं नाही. तोवर सगळ्या गावाला हा नियम तोंडपाठ झाला होता.

‘दोगांय वांगडा उठूंया,’ बाबुरावकाका म्हणाले. ‘तूं मोज.’

‘तूं मोज. तूं व्हड.’

बाबुरावकाकांनी मोजलं. ‘एक, दोन, तीन.’ हे आकडे कोणत्या भाषेतले, यावर त्या दिवशी वाद झाला नाही.

दोघे उठले. खालच्या उशा एकदम फुगून बसल्या.

आमच्या प्रयोगशाळेत नळी दाबून बंद करायचा एक साधा चिमटा असतो. तो त्या नळीला लावला असता, तर उशा वेगळ्या झाल्या असत्या, आणि हे पाडव्याला सकाळीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी तो पर्समध्ये घालून घरी आणला. उशा आमच्या सोप्यावर होत्या, आणि बाबुरावकाका संध्याकाळी चालत आले होते. एकट्याला त्या उशांचा उपयोग नव्हता. एकटा बसला की सगळी हवा रिकाम्या उशीत जाई.

मांय चहा करत होती. आबांच्या मांडीवर वाटणाचा दगडी रगडा ठेवला होता, केळी खराब होतात म्हणून. मी चिमटा दाखवला आणि काय होईल ते सांगितलं.

आबांनी चिमटा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि बाबुरावकाकांना दिला. त्यांनी तो चष्मा लावून तपासला.

‘नळी कातरली तर?’ बाबुरावकाका म्हणाले.

‘कातरत नाही. रबर जाड आहे.’

‘रबराचें कितें सांगूंक जायना,’ आबा म्हणाले. ‘शाळेची वस्त. परत व्हर ती.’

मी तो परत नेला. ड्रॉवरमध्ये ठेवताना मागे वळून पाहिलं, तर माझ्या त्याच दोन विद्यार्थिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी सारख्या दाबावर एक शंका विचारली. मी ती समजावून सांगितली. या वेळी फळ्यावर बसणारी माणसं दोन काढली, एक जाड आणि एक बारीक, आणि बारकाच्या मांडीवर एक वर्तुळ. ते काय, असं त्यांनी विचारलं नाही.

आबांचं हाड बरं झालं. डॉक्टरांनी आता कुठेही बसा म्हणून सांगितलं. ते आबांनी बाबुरावकाकांना अजून सांगितलेलं नाही. संध्याकाळी मी वह्या तपासत असते, आणि सोप्यावरून आवाज येतो.

‘विठू, उठूं?’

‘राव मरे, बस. च्या जावंदी.’